ऊसतोड मजुरांच्या लेकरांच्या वसतिगृहासाठी मोबाइल गेम करायलोत. खेळणाऱ्याला नेमकं कोण करावं?

बालाघाटी
नमस्कार मंडळी. धारूर तालुक्यात आमच्या ओळखीतली माणसं ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह चालवतात. दिवाळी झाली की आईबाप कारखान्यावर, लेकरं इथं. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत घरी. किराणा, सरपण, आजारपण, शिकवणाऱ्यांचं मानधन सगळं देणगीवर, आणि देणगी देणारे दरवर्षी तेच ते. आमच्यातली काही पोरं संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहेत. ती म्हणाली, मोबाइल गेम करू, विषय चार नव्या लोकांपर्यंत जाईल.

आत्तापर्यंत झालेलं असं: अकरा वर्षांची मुलगी उसाच्या फडातून पळते. वाटेत मोळ्या गोळा करायच्या, साप-विंचू आला की उडी. शंभर मोळ्या झाल्या की तिला दप्तर मिळतं. शेवटी वसतिगृहाची माहिती आणि क्यूआर कोड. मावसभावाला खेळायला दिला तर म्हणतो, "दादा, हा टेम्पल रनच की, देवळाच्या जागी ऊस लावलाय."

तर प्रश्न दोन. खेळणाऱ्याला कोण करावं? आणि असल्या गेमनं कामाला खरंच पैसा मिळतो का?

नाथसागर
गेम खेळून कोण पैसे देतं हो? क्यूआर कोड सरळ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवा. पोरांचं सेमिस्टर तरी वाचेल.

पिक्सेलपाटील
नाथसागर, देतात. कसे देतात ते बघा. २००७ मध्ये फ्रीराइस नावाचं संकेतस्थळ निघालं. शब्दाचा अर्थ ओळखायचा, बरोबर आला की दहा दाणे तांदूळ. खेळणाऱ्याच्या खिशाला हात नाही, पानावरच्या जाहिरातदारांचा पैसा तांदळाला जायचा. २००९ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडे गेलं. चीनमध्ये अलीपे नावाच्या पैसे भरायच्या अ‍ॅपात २०१६ पासून अँट फॉरेस्ट आहे. पायी गेलात की गुण, गुण साठले की कुठंतरी ओसाड रानात खरं झाड लागतं. ह्या दोन्हींत खेळणं हेच देणं आहे. गेम संपल्यावर हात पसरायची वेळच येत नाही.

दुसरी जात वेगळी. डार्फर इज डाइंग, २००६. सुदानमधल्या निर्वासित कुटुंबातलं एक माणूस निवडायचं आणि पाणी आणायला पाठवायचं. सशस्त्र टोळीची गाडी आली की झुडपाआड लपायचं. सापडलं की ते माणूस गेलं, दुसरं निवडा. यात पैसा गोळा होत नाही, पण "पाणी आणणं" म्हणजे तिथं काय असतं ते कळतं, कारण खेळायची कृती आणि सांगायची गोष्ट एकच आहे.

आता तुमच्या गेमकडं या. मुलीनं जितका जास्त ऊस उचलला तितकं दप्तर जवळ. म्हणजे गेम काय सांगायला? पोरी, मजुरी कर, शाळा मिळेल. शेवटच्या पाटीवर तुम्ही बालमजुरीविरुद्ध काहीही लिहा, बोटाला धडा उलटाच मिळालेला असतो.

बालाघाटी
शंभर मोळ्यांचं कलम रद्द. पुढं बोला.

झेडपी_गुरुजी
पिक्सेलराव, एवढी चिकित्सा कशाला? पोरांना पळायचा गेम आवडतो. पळता पळता वसतिगृहाचं नाव वाचलं, झालं काम.

कोपीतली
मी केज तालुक्यातली. चौथीपर्यंत आईबापासोबत कारखान्यावर जायचे, मग आजीपाशी राहिले. आता परभणीला नर्स आहे.

गुरुजी, चिकित्सा लागतेच. त्या मुलीला फडात ऊस उचलताना दाखवू नका, कारण ते खरंही नाही. त्या वयाच्या पोरीचं काम फडात कमी, कोपीवर, म्हणजे राहायच्या झोपडीवर, जास्त. रात्री-अपरात्री गाडी भरायला माय उठली की लहान भाऊ माझ्याकडं. पाणी आणायचं, ते बी विहिरीच्या मालकानं भरू दिलं तर. भाकरी करायच्या, फडावर पोचवायच्या, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधू लागायचं. वाढं विकून आलेल्या पैशावर आठवड्याचा बाजार व्हायचा, उचलीतलं, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या पैशातलं, तर घरी येईस्तोवर काहीच हाती नसायचं. साप मी पाहिले, पण साप रोज नसतो. रोज असतं ते भावाचं रडणं.

आन शाळा. नाव गावच्या शाळेत, मी तिकडं कोल्हापुरात. एप्रिलात परत आले की वर्गातली पोरं अपूर्णांक करायलेली आणि मी हातच्याच्या बेरजेत. गुरुजी मारत नव्हते, पण मागच्या बाकावर बसवायचे, ते बरोबरच लक्षात राहतं.

अजून एक. रडकं करू नका. आम्ही लै हसायचो. उसाच्या कांड्याच्या गाड्या करायचो, ट्रॉलीवरून उड्या टाकायचो. टोळीत एक बटणांचा मोबाइल होता, त्यात सापाचा गेम, आन नंबर लावून बसलेली सगळी पोरं. तुमचा गेम आधी वसतिगृहातल्या पोरांना खेळू द्या आन ती काय म्हणतात ते इथं लिहा. पुण्या-मुंबईच्या देणगीदाराला नंतर दाखवा.

झेडपी_गुरुजी
ताई, मागच्या बाकाचं वाचून गप झालो.

सांगलीकर_पाव्हणा
आमच्याकडं टोळ्या येतात त्या बाजूचा माणूस म्हणून सांगतो. गावाबाहेर कोप्या पडतात, पाच महिने राहतात, आणि गावातल्या निम्म्या लोकांना त्यातल्या एकाचंही नाव माहीत नसतं. काही ठिकाणी मजुरांच्या लेकरांसाठी साखरशाळा चालल्या, काही बंद पडल्या. गेम आमच्या बाजूच्या लोकांनीही खेळला पाहिजे. गाडी सेंटर, टायर सेंटर, डोकी सेंटर या ऊस तोडून वाहायच्या वेगवेगळ्या पद्धती, त्यातला फरक दाखवा, नाहीतर इथले लोक पहिल्याच चित्रावर हसतील.

गोदाकाठ
गेम करून चार चांगल्या गोष्टी सांगायच्या हे मराठवाड्याला नवं आहे का? मोक्षपट विसरलात? कवड्या टाकायच्या, सद्गुणाची शिडी, दुर्गुणाचा साप, वर पोचलं की मोक्ष. परंपरेनं तो ज्ञानेश्वरांच्या नावावर आहे. म्हणजे पहिला गेम डिझायनर पैठणजवळच्या आपेगावचा.

नाथसागर
प्ले स्टोअरवर किती स्टार होते?

गोदाकाठ
साहेब लोकांनी विलायतेला नेला, साप आणि शिड्या ठेवल्या, मोक्ष वगळला. तेव्हापासून डाउनलोड वाढले.

पिक्सेलपाटील
हसण्यावारी नेऊ नका, गोदाकाठनं कामाची गोष्ट काढली. मोक्षपटात कवडी खेळणाऱ्याच्या ताब्यात नसते. ऊसतोडीतही किती गोष्टी मजुराच्या ताब्यात आहेत? अवकाळी पाऊस आला, फडात गाडी शिरेना. बैल बसला. कारखान्यावर गाड्यांची रांग लागली. बाई आजारी पडली तर खाडा. आपण मात्र गेम असा करतो की मन लावून खेळला तो जिंकला. त्याचा अर्थ असा होतो की जो गरीब राहिला त्यानं मन लावलं नाही.

२००६ मध्ये आयिती नावाचा गेम आला. न्यूयॉर्कमधल्या शाळकरी पोरांनी एका स्टुडिओबरोबर केला होता. हैतीतलं एक कुटुंब, कोणाला शाळेत घालायचं, कोणाला कामाला, कोणाला दवाखान्यात. पहिल्या डावात बहुतेकांचं कुटुंब कोलमडतंच. तुमच्याकडं त्याहून धारदार यंत्र तयार आहे: उचल. हंगामाआधीच अंगावर पैसे, हंगामभर तोड, शेवटी हिशोब, आणि बाकी फिरली, म्हणजे देणं उरलं, की तीच पुढच्या सालाच्या उचलीत. गेमच्या पट्टीवर शून्यातून वर जायचं नाही, वजातून शून्याकडं यायचं. एवढं एकच चित्र नीट झालं तरी बास.

नाथसागर
आणि शून्यावर येताच येत नसेल तर पोरगं दोन मिनिटांत डिलीट मारतं. जिंकता येत नाही त्याला गेम कोण म्हणतं?

पिक्सेलपाटील
दिस वॉर ऑफ माइन. पोलंडमधल्या स्टुडिओचा, २०१४. वेढा पडलेल्या शहरातली साधी माणसं जगवायची. बंदूक घेऊन शौर्य गाजवायचं नाही, औषध आणि भाजी शोधायची. लाखो लोकांनी विकत घेतला. २०२० मध्ये पोलंड सरकारनं शाळांच्या शिफारस यादीत घातला. युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा स्टुडिओनं आठवडाभराची कमाई युक्रेनच्या रेडक्रॉसला दिली. वाचला तोच विजय, एवढं लोकांना पुरतं.

मुकादमाचा_भाचा
सगळे बोलायलेत म्हणून मपलं बी ऐका. तुम्ही लोक गेम करणार आन त्यात व्हिलन कोण? मुकादम. ठरलेलंच. मपला मामा मुकादम. कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून पैसा तो उचलतो, सही त्याची, जमीन तारण त्याची. टोळीतली चार जोडपी उचल घेऊन दुसऱ्या राज्यात पळाली तर ते पैसे कोण भरतो? मामानं बैलं विकलीत. मुकादम धुतल्या तांदळासारखे असतात असं मी म्हणत नाही, मारहाण करणारे बी पाहिलेत. पण वरचा पैसेवाला तुमच्या गेममध्ये दिसणारच नाही आन शिव्या मधल्याला.

कोपीतली
भाचेभाऊ, तुमच्या मामाचं खरं असेल. पण पैसे बुडाले म्हणून मुकादमानं बाईमाणसाला कोंडून ठेवलेलं बी मी पाहिलंय. दोन्ही खरं आहे.

मुकादमाचा_भाचा
नाही कुठं म्हणतो.

मांजराकाठ
विषयांतर करतो. हे वसतिगृह देणगीवर का चालावं? २०२१ मध्ये सरकारनं संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं. गोपीनाथ मुंडेंच्या नावानं ऊसतोड कामगारांचं महामंडळ आहे. तुम्ही गेम करून लोकांची कणव गोळा करणार आणि सरकार सुटणार. गेमच्या शेवटी क्यूआर कोडऐवजी "तुमच्या आमदाराला विचारा" असं बटण का नको?

बालाघाटी
मांजराकाठ, दोन्ही बटणं ठेवू. पण योजनेची खोली मिळेपर्यंत लेकरांनी जेवायचं कुठं? आमच्याकडं या हंगामात नाव नोंदवायला आलेली पोरं परत पाठवावी लागली, जागा नव्हती.

लातूरचा_सीए
पैशाचा भाग कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

एक, संस्था नोंदलेली आहे का? सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा आहे, धर्मादाय आयुक्तांकडं नोंद पाहिजे. गेम पोरांच्या नावावर आणि पैसा कोणाच्या तरी खासगी खात्यात, हे अजिबात नको, मग हेतू कितीही चांगला असो. दोन, देणगीदाराला ८०जीची, म्हणजे आयकरातली, सवलत हवी असेल तर संस्थेला तसं प्रमाणपत्र लागतं. रोख दोन हजारांवर दिलं तर देणाऱ्याला सवलत नाही, आणि नव्या करपद्धतीत तर ८०जी चालतच नाही. तीन, समजा कोणाचा अमेरिकेतला भाऊ देणगी देतोय. त्याच्याकडं भारतीय पासपोर्ट असेल तर त्याच्या बचतीतली देणगी घेता येते. तिकडचा नागरिक झाला असेल तर ती परकीय देणगी, एफसीआरए, म्हणजे परकीय देणगीच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय एक रुपया घेऊ नका. देणगीचं बटण संस्थेच्या पानावर न्या, गेममधल्या नाण्या-हिऱ्यांत मिसळू नका.

नाथसागर
मग एक झकास आयडिया. प्रत्येकी दहा रुपये भरून स्पर्धा. निम्मे पैसे पहिल्या तीन नंबरांना, निम्मे वसतिगृहाला. पैशाच्या आशेनं अख्खं बीड खेळेल.

लातूरचा_सीए
आणि तुम्ही आत जाल. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकायचा ऑनलाइन खेळ, मग तो नशिबाचा असो की कौशल्याचा, बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. अर्धा पैसा धर्माला जातो म्हणून सूट नाही.

नाथसागर
आयडिया मागं घेतली. मी इथं नव्हतोच.

अक्षरजुळणी
तांत्रिक बोलू का? पोरांनी कशात करायला घेतलाय? युनिटी ह्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरात साधं मराठी टाकलं की अक्षरं मोडतात. पहिली वेलांटी अक्षराच्या पुढं जाऊन बसते, जोडाक्षरांचे पाय तुटतात. "किल्लारी" लिहून बघा, वाचता आलं तर सांगा. त्यावर उपाय आहेत, पण त्यात आठवडे जातात. गोडो हे तसलंच सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि मार्च २०२३ ला चौथी आवृत्ती आल्यापासून देवनागरी नीट जुळते. फॉन्टसाठी मुक्ता किंवा बालू घ्या, दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत. चित्रं हलकी ठेवा. वसतिगृहातल्या शिपायाच्या फोनवर चालला तरच गेम झाला म्हणा.

आणि प्ले स्टोअरवर टाकायचा असेल तर आजपासून तयारी करा. नव्या वैयक्तिक खात्याला आधी बारा जणांकडून सलग चौदा दिवस चाचणी करून घ्यावी लागते, मगच तो सगळ्यांसाठी खुला करायला अर्ज करता येतो.

झेडपी_गुरुजी
बारा माणसं चौदा दिवस? आमच्या शाळा समितीच्या बैठकीला बारा माणसं एक तास जमत नाहीत.

सांगलीकर_पाव्हणा
मला धरा बारात.

कोपीतली
मला बी. पण अजून एक बोलायचं राहिलंय. मी दवाखान्यात असते म्हणून. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हेंच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यातल्या १३ हजारांवर बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीत काम होत नाही, खाडा पडतो, न्हाणीघर नाही, मग कोणीतरी सांगतं, पिशवी काढून टाक. तिशीतल्या बायका. हे गेममध्ये येणार का? लेकरांच्या गेममध्ये कसं आणायचं ते मला माहीत नाही, पण न आणता "ऊसतोडीची गोष्ट सांगितली" म्हणू नका.

गोदाकाठ
ताई, हा मुद्दा मोठ्यांसाठी वेगळा ठेवावा असं मला वाटतं. दहा वर्षांच्या पोराला खेळताना हे कळणार नाही.

कोपीतली
दहा वर्षांच्या पोराची माय तिथंच असते, दादा. त्याला तुमच्याहून जास्त कळतं.

पिक्सेलपाटील
शब्दात सांगायची गरज नाही. खाड्याचं यंत्र ठेवा. आई महिन्यातले काही दिवस कामाला गेली नाही की उचलीची बाकी वाढते. एक दिवस पडद्यावर चिठ्ठी येते, "आई तालुक्याला दवाखान्यात गेली." पुढं खाडे कमी, पण आईची ताकदीची पट्टी कायमची अर्धी. मोठ्याला समजेल, लहान विचारेल.

बालाघाटी
मंडळी, उशीर झाला उत्तर द्यायला, पण काम करून आलोय. कोपीतली ताईंनी सांगितल्यासारखं आधी कागदावर गेम केला. पुठ्ठा, कवड्या, चिठ्ठ्या. वसतिगृहात रात्री जेवणानंतर पोरांना खेळायला दिला. तीन पात्रं ठेवली होती: घरी राहिलेली आजी, वसतिगृहातली सहावीची मुलगी, आणि मुकादम. आम्हाला वाटलं मुलीवर उड्या पडतील.

निम्म्याहून जास्त पोरांनी मुकादम घेतला. आजी कोणालाच नको. एक पोरगी म्हणाली, "आजीला काय करायचंय, नुसतं बसायचंय?" आणि ज्यांनी मुकादम घेतला त्यांनी काय केलं? टोळी भरायला उचल वाटत सुटले. एकानं तर दुसऱ्याला सांगितलं, "तुझी बाकी फिरली, पुढच्या वर्षी यायचं," अगदी मोठ्या माणसाच्या आवाजात. सगळे हसले. शिकवणाऱ्या ताई मात्र हसल्या नाहीत.

मुकादमाचा_भाचा
बघा! मी म्हणलो होतो.

कोपीतली
काय म्हणला होतात, भाऊ? पोरांनी तर मुकादमाला व्हिलन केलंच नाही, मालक केलं. मीसुद्धा त्या वयात मुकादमच झाले असते. टोळीत पायात बूट त्याच्याच असायचे.

पिक्सेलपाटील
मग पात्र निवडायचंच काढून टाका. दोन डाव करा. पहिल्या डावात प्रत्येकजण मुकादम: वरून पैसा आणा, टोळी जमवा, एकेका जोडप्याला उचल द्या, पळून जाणाऱ्यांचा धोका घ्या. भाचेभाऊंच्या मामाची बाजूही येते. दुसऱ्या डावात त्याच टोळीतल्या एका जोडप्याचं लेकरू. पहिल्या डावात ज्या आकड्याची उचल तुम्ही हातानं दिली तीच आता तुमच्या आईबापाच्या अंगावर. जोडपं कोणतं ते गेम निवडणार, तुम्ही नाही. त्या लेकरापुढं रस्ते तीन: कारखान्यावर जा, आजीपाशी राहा, किंवा वसतिगृहात जागा असेल तर तिथं. जागा किती शिल्लक आहेत तो आकडा वसतिगृहाचा खरा, त्या महिन्याचा.

नाथसागर
हे खेळीन मी. चेष्टा नाही.

लातूरचा_सीए
खरा आकडा दाखवणार असाल तर दर महिन्याला कोण भरणार ते आजच लिहून ठेवा. जुना आकडा दिसला की देणगीदाराचा विश्वास जातो.

बालाघाटी
पिक्सेलभाऊ, पोरं आत्ता इथंच बसलीत, वाचून दाखवलं. दोन डावांचं पक्कं. मजुरीचा दर बदलता ठेवतोय. २०२४ च्या जानेवारीत दर ३४ टक्क्यांनी वाढला, ती वाढ दिली की बाकी किती कमी होते ते खेळणाऱ्यालाच करून बघू द्यायचं. मांजराकाठांचं बटण तिथं बसेल. आकडा वसतिगृहाच्या ताई भरतील.

कोपीतली
एक अट. दुसऱ्या डावात "शाळेत जा" असं नुसतं बटण देऊ नका, जसं काय लेकरू मनानं जात नव्हतं. आधी भावाला कोणाकडं ठेवायचं ते सुटलं पाहिजे. तोवर बटण दाबलं तरी जाऊ नये.

बालाघाटी
मान्य. आता आवाज पाहिजेत. बोलणं आमच्याकडं आहे, पण कारखान्याचा भोंगा, गाडीतळावरचा गोंगाट, बैलांच्या घुंगरांचा आवाज इथं धारूरला कुठून आणू?

सांगलीकर_पाव्हणा
भोंगा घरातून ऐकू येतो. उद्या पहाटे रेकॉर्ड करून पाठवतो. एकाच पाळीचा पुरे, की तिन्ही पाळ्यांचे पाहिजेत?